कड्यावरचे छायाचित्रण : दोर कोठे सोडावा आणि दिवा कोठे टांगावा

सह्याद्रीतील प्रस्तरारोहणाची बहुतेक छायाचित्रे पायथ्याशी उभे राहून काढलेली असतात, आणि म्हणूनच त्यांत आरोहकाच्या बुटांचे तळवे, हार्नेसची मागची बाजू आणि वर गेलेला दोर एवढेच ठळकपणे दिसते. आरोहकाचा चेहरा, होल्डवर (कातळातील पकडीवर) रुतलेली बोटे आणि त्याच्या पाठीमागे खोल उतरत गेलेली दरी एकाच चौकटीत हवी असेल, तर छायाचित्रकाराला त्याच्या बरोबरीने किंवा त्याच्याहून थोडे वर लटकावे लागते. असे लटकणे हे दोरकाम आहे आणि कॅमेरा त्या कामाच्या अगदी शेवटी येतो. नवखे छायाचित्रकार लेन्सच्या निवडीवर जेवढा विचार करतात, त्याच्या निम्मा जरी त्यांनी आपला दोर कड्याच्या कोणत्या बिंदूवरून खाली सोडायचा यावर केला, तरी चित्रात फार मोठा फरक पडतो, कारण अँकर, म्हणजे दोर बांधण्याचा माथ्यावरचा आधार, दोन मीटर डावीकडे सरकवण्याने जे साधते ते कोणत्याही महागड्या लेन्सने साधत नाही.

हा लेख ज्यांना रॅपलिंग (दोराने उतरणे), जुमारिंग (दोर पकडणाऱ्या साधनाने दोरावर चढणे), बिले (आरोहकाचा दोर सांभाळणे) आणि मूलभूत गाठी आधीपासून येतात, परंतु कॅमेरा घेऊन कड्यावर काम केलेले नाही, अशांसाठी आहे. ज्यांना हे येत नाही त्यांनी प्रथम एखाद्या गिर्यारोहण संस्थेकडे किंवा उत्तरकाशीच्या नेहरू इन्स्टिट्यूट ऑफ माउंटेनियरिंगसारख्या ठिकाणी प्रशिक्षण घ्यावे. वाचून शिकण्यासारखी ही विद्या नाही. वाचनाने एवढेच होते की जाणकार माणूस शेजारी उभा असताना त्याला नेमके काय विचारायचे ते कळते.

माणसे आणि परवानगी

कमीत कमी चार माणसे लागतात. आघाडीचा आरोहक, त्याचा बिलेअर, छायाचित्रकार, आणि माथ्यावर अँकरपाशी थांबून केवळ दोरांकडे लक्ष देणारा रिगर. यांपैकी चौथ्या माणसाला वगळण्याचा मोह सर्वांनाच होतो, कारण तो चित्रात दिसत नाही आणि दिवसभर माथ्यावरच्या उन्हात बसून राहतो. पण छायाचित्रकाराचा डोळा व्ह्यूफाइंडरला लागलेला असतो. दोर कडेवर घासतो आहे की नाही, दिव्याची दोरी आरोहकाच्या मार्गात आली आहे की नाही, हे त्याला कळत नाही. ते पाहणारा माणूस वेगळाच हवा. दिव्यासाठी पाचवा साहाय्यक मिळाला तर उत्तम. आरोहकाचा बिलेअर मात्र कधीही दुसऱ्या कामाला लावू नये. त्याच्या हातात फ्लॅश देणे हा तर निव्वळ अविचार आहे.

वनखात्याच्या हद्दीतील कड्यांसाठी वनखात्याची, आणि संरक्षित किल्ल्यांसाठी पुरातत्त्व विभागाची परवानगी आधीच घ्यावी. हरिश्चंद्रगडासारखी ठिकाणे अभयारण्यात येतात, तेथे रात्रीच्या कामाचा वेगळा उल्लेख अर्जात करावा. लांब चोचीची गिधाडे आणि शाहीन ससाणे हिवाळ्यापासून उन्हाळ्याच्या सुरुवातीपर्यंत कड्यांच्या कपारींत वीण घालतात. घरटे दिसले तर ती बाजू सोडून द्यावी. ड्रोन आणावा का, असा प्रश्न हल्ली पहिल्याच बैठकीत निघतो. ड्रोनचे चित्र वेगळे असते आणि त्याला २०२१ चे ड्रोन नियम लागू होतात. शिवाय फिरती पाती, लटकलेला माणूस आणि ताणलेला दोर यांना एका जागी आणण्यात शहाणपण नाही. येथे आपण दोराबद्दलच बोलू.

आदल्या दिवशीची पाहणी

कामाच्या आदल्या दिवशी, शक्य असेल तर ज्या वेळी छायाचित्रे काढायची त्याच वेळी, कडा दुर्बिणीतून पाहावा. पाहायच्या गोष्टी तीन : ऊन कोठून कोठे सरकते, मार्गातील सर्वांत देखणी आणि कठीण चाल कोणती, आणि मोहोळे कोठे आहेत.

सह्याद्रीच्या मुख्य धारेवरील कोकणाकडे तोंड करून असलेले कडे पश्चिमाभिमुख आहेत. सकाळभर ते सावलीत असतात, दुपारनंतर त्यांवर ऊन येते आणि डिसेंबर-जानेवारीत सूर्य नैर्ऋत्येकडे मावळत असल्याने शेवटच्या तासात प्रकाश कातळावर तिरका येतो. हा तिरका प्रकाश छायाचित्रकाराला फार उपयोगी असतो, कारण बेसॉल्टच्या काळ्या भिंतीवरच्या खाचा, पायऱ्या आणि भेगा त्यानेच उठून दिसतात; समोरून आलेल्या प्रकाशात तीच भिंत डांबरासारखी सपाट भासते. तैलबैल्यासारख्या ठिकाणी, जेथे दोन भिंती समोरासमोर उभ्या आहेत आणि मध्ये खिंड आहे, तेथे एका भिंतीवरील आरोहकाचे चित्र दुसऱ्या भिंतीच्या माथ्यावरून ७०-२०० मिलिमीटरच्या, दूरचे जवळ आणणाऱ्या लेन्सने काढता येते, आणि आरोहकाच्या जवळ लटकण्याची गरजच उरत नाही. ज्या चित्रासाठी लटकावे लागत नाही त्यासाठी लटकू नये, हा विचार पाहणीच्या वेळी प्रथम करावा.

चाल निवडताना संपूर्ण मार्गाचा मोह टाळावा. दीडशे फुटांच्या मार्गात चित्रासाठी योग्य अशा जागा दोन किंवा तीनच असतात. आरोहकाला विचारावे की कोणत्या ठिकाणी त्याचे हात ताणलेले असतील आणि तोंड कोणत्या बाजूला वळलेले असेल. उजवीकडील होल्डसाठी तो झेपावणार असेल तर त्याचा चेहरा उजवीकडे असेल, आणि आपला दोर उजवीकडेच हवा. डावीकडे दोर सोडला तर दिवसभर त्याचे कान आणि हेल्मेट टिपत बसावे लागेल.

दोराची जागा

साधारण नियम असा की छायाचित्रकाराचा दोर आरोहकाच्या मार्गापासून बाजूला दोन ते तीन मीटर असावा, आणि मुख्य चालीच्या वेळी छायाचित्रकार आरोहकाच्या तीन-चार मीटर वर असावा. याहून जवळ गेल्यास आरोहक पडला तर तो झोका घेऊन आपल्यावर आदळू शकतो, आणि वाइड लेन्समध्ये त्याचे हात नको तेवढे मोठे दिसू लागतात. फार दूर गेल्यास मागची दरी चित्रात येते पण माणूस हरवतो. एक गोष्ट मात्र तडजोडीची नाही : छायाचित्रकाराने आरोहकाच्या बरोबर डोक्यावर कधीही लटकू नये. आपल्या बुटाने सुटलेला लिंबाएवढा दगडही तीस फूट खाली गेल्यावर काय करतो हे सह्याद्रीत वावरणाऱ्याला सांगायला नको.

दोर आडवा किती सरकवावा हे माथ्यावरून नीट कळत नाही. म्हणून रिगरने दोराच्या टोकाला छोटी पिशवी बांधून तो हळूहळू सोडावा, आणि पायथ्याच्या माणसाने शिट्टी किंवा वॉकीटॉकीवर डावे-उजवे सांगावे. दहा मिनिटांचे हे काम नंतरचा तासभर वाचवते, कारण माणूस लटकल्यानंतर अँकर हलवता येत नाही.

अँकर

छायाचित्रकाराचा अँकर आरोहकाच्या अँकरपासून पूर्णपणे स्वतंत्र असला पाहिजे. एकाच बोल्टला (कातळात पक्क्या बसवलेल्या खिळीला) दोघांचे दोर अडकवले की एकाच्या पडण्याचा झटका दुसऱ्याला बसतो आणि अपघात झाल्यास सोडवणूक करायला एकही मोकळा बिंदू शिल्लक राहत नाही.

सह्याद्रीच्या माथ्यांवर अँकरची अडचण असते. वर गवत, कारवी आणि मुरूम. दोर बांधावा असे भक्कम झाड बरेचदा नसते. कारवीचे झुडूप कितीही दाट दिसले तरी त्यावर भार टाकू नये. भेगेतून उगवलेला उंबर किंवा पिंपळ हिरवागार असतो, पण त्याची मुळे कातळात किती खोल गेली आहेत हे दिसत नाही, म्हणून तो एकमेव आधार होऊ शकत नाही. मोठ्या, जमिनीत रुतलेल्या धोंड्याभोवती स्लिंग (मजबूत पट्टीचा फास) घालायची असेल तर तो हलतो का हे तिघांनी मिळून ढकलून पाहावे. कातळात बोल्ट असतील तर त्यांच्याभोवती गंजाचा ओघळ आहे का, हँगर (बोल्टवरची दोर अडकवायची पट्टी) फिरतो का, आणि बोल्ट ज्या दगडात आहे तो मूळ कातळाचा भाग आहे की सुटा ठोकळा आहे, हे पाहावे. हातोडीने आजूबाजूला ठोकले असता भक्कम कातळ खणखणीत वाजतो आणि पोकळ ठोकळा बद्द आवाज देतो. जुन्या मोहिमांनी सोडलेले पिटॉन (भेगेत ठोकायच्या लोखंडी पाचरी) आणि गंजलेल्या मेखा इतिहास म्हणून पाहाव्यात, आधार म्हणून धरू नयेत.

आपल्याकडील बेसॉल्ट लाव्हाच्या थरांवर थर साचून बनला आहे, आणि दोन थरांच्या मध्ये काही ठिकाणी लालसर, मातकट पट्टा असतो. हा पट्टा नखाने खरवडला तरी भुगा होतो. त्यात किंवा त्याला लागून बोल्ट, पिटॉन यांपैकी काहीही ठोकू नये. त्याचप्रमाणे बारीक छिद्रांनी भरलेल्या थरापेक्षा घट्ट, निळसर-काळा कातळ अधिक विश्वासाचा. नवीन बोल्ट मारण्याचा निर्णय छायाचित्रासाठी घेऊ नये, हे माझे ठाम मत आहे. आधीच्या बोल्टनी आणि नैसर्गिक आधारांनी काम होत नसेल तर चित्राची जागा बदलावी.

किमान दोन, आणि शंका असल्यास तीन, एकमेकांवर अवलंबून नसलेले आधार घ्यावेत आणि त्यांवर भार समान वाटला जाईल अशी बांधणी करावी. दोन आधारांकडे जाणाऱ्या स्लिंगांमधला कोन ६० अंशांच्या आत ठेवावा. ६० अंशांत प्रत्येक आधारावर एकूण भाराच्या सुमारे ५८ टक्के भार येतो, ९० अंशांत ७१ टक्के येतो, आणि १२० अंशांत प्रत्येकावर पूर्ण शंभर टक्के येतो, म्हणजे दोन आधार घेऊन भार वाटण्याचा फायदा उरतच नाही. स्लिंग आखूड पडली म्हणून कोन वाढू देण्यापेक्षा जादा दोराचा तुकडा वापरून ती लांब करावी.

दोर, कड आणि घर्षण

लटकून काम करण्यासाठी स्टॅटिक, म्हणजे कमी ताणणारा, दोर लागतो. आरोहकाचा डायनॅमिक दोर पडण्याचा झटका शोषण्यासाठी बनवलेला असतो आणि ८० किलोच्या भाराला तो आठ-नऊ टक्के सहज ताणतो. तीस मीटर दोरावर हे अडीच मीटर झाले. अशा दोरावर जुमार करताना प्रत्येक पावलाला माणूस वर-खाली होतो, दोर कडेवर घासत राहतो आणि चौकट स्थिर राहत नाही. १०.५ ते ११ मिलिमीटर जाडीचा, ईएन १८९१ मानकाच्या ‘ए’ प्रकाराचा स्टॅटिक दोर नवख्यांसाठी योग्य. साठ मीटरच्या अशा दोराचे वजन साडेचार किलोच्या आसपास भरते, हे सामान वाहून नेणाऱ्यांची संख्या ठरवताना लक्षात ठेवावे. उलट बाजूने, स्टॅटिक दोरावर लीड, म्हणजे आघाडीचे, आरोहण कधीही करू नये.

सगळ्यात जास्त लक्ष कड्याच्या कडेकडे द्यावे लागते. रॅपलिंग करणारा माणूस कडेवरून एकदाच खाली जातो, पण छायाचित्रकार एकाच जागी लटकून डावीकडे-उजवीकडे झुकतो, पायांनी भिंत ढकलतो, पुन्हा परत येतो, आणि दर वेळी वरच्या कडेवर दोर करवतीसारखा आडवा फिरतो. ताणलेला दोर आणि बेसॉल्टची धार यांची अशी गाठ पडली तर दोराचे बाह्य आवरण थोड्याच वेळात फाटते. म्हणून कडेवर जाड कॅनव्हासचे किंवा जुन्या होजपाइपचे आवरण घालावे आणि ते आवरण स्वतंत्र दोरीने अँकरला बांधावे, कारण नुसते ठेवलेले आवरण पहिल्याच झोक्यात सरकते. प्रत्येक वेळी छायाचित्रकार जागा बदलेल तेव्हा रिगरने आवरण जागेवर आहे का ते पाहून तोंडी सांगावे.

याहून चांगला उपाय म्हणजे कडेच्या खाली भक्कम आधार सापडल्यास तेथे रीबिले करणे : दोर मुख्य अँकरपासून थोडा सैल सोडून खालच्या दुसऱ्या अँकरला बटरफ्लाय किंवा फिगर ऑफ एट गाठीने बांधावा, म्हणजे त्याखालचा दोर कडेला न लागता सरळ लोंबतो. रीबिले ओलांडताना उपकरण एका दोरावरून काढून दुसऱ्यावर चढवावे लागते, आणि चुका नेमक्या तेथेच होतात. म्हणून ही कृती जमिनीपासून दोन मीटरवर पुरेशी सरावून मगच कड्यावर करावी.

दोराच्या खालच्या टोकाला गाठ असलीच पाहिजे, दोर जमिनीला टेकत असला तरीही. नवख्याने एका दोरावर विसंबू नये, असेही मी सुचवेन. मुख्य दोरावर उतरण्याचे उपकरण आणि स्वतंत्र अँकरवरील दुसऱ्या दोरावर सुरक्षा उपकरण, अशी दुहेरी व्यवस्था ठेवावी. उंच इमारतींवर दोराने काम करणारे लोक हीच पद्धत वापरतात. दुसऱ्या दोराचे अतिरिक्त ओझे वाहावे लागते, ते वाहावे.

लटकून काम करताना

उतरण्यासाठी ग्रीग्रीसारखे, हात सुटला तरी दोर पकडणारे उपकरण असावे. नुसत्या आठाकृती डिसेंडरवर थांबून दोन्ही हातांनी कॅमेरा चालवणे धोक्याचे आहे. वर सरकायचे झाल्यास ग्रीग्रीच्या वर हाताचा जुमार आणि त्याला पायाची दोरी लावली की थोडी-थोडी उंची घेता येते. जुमारचे दात दोराच्या आवरणात रुततात. म्हणून त्याच्यावर कधीही झटका येऊ देऊ नये आणि जुमार व हार्नेस यांमध्ये ढील साचू देऊ नये.

हार्नेसमध्ये पाय लोंबकळत ठेवून बराच वेळ निश्चल राहिल्यास मांड्यांच्या पट्ट्यांमुळे रक्त खाली साचून घेरी येऊ शकते, आणि माणूस बेशुद्ध होऊन लटकत राहिला तर ते जिवावर बेतते. यासाठी लाकडी फळीचे छोटे आसन दोराला लावावे, पायाच्या दोरीत आळीपाळीने उभे राहावे आणि पाय हलवत राहावे. हे आसन फक्त बसण्यासाठी असते. सुरक्षेचा दोर हार्नेसलाच हवा. छायाचित्रकार हाकेला उत्तर देईनासा झाला तर काय झाले असेल याचा विचार करत बसू नये, त्याला ताबडतोब खाली घ्यावे. ते कसे घ्यायचे हे काम सुरू होण्यापूर्वी ठरलेले आणि करून पाहिलेले असावे. कड्यावरील सोडवणुकीसाठी महाराष्ट्र माउंटेनियर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटरशी संपर्क कसा साधायचा हेही पायथ्याच्या माणसाला ठाऊक असावे, आणि त्या जागी मोबाइलला रेंज कोठे मिळते हेसुद्धा.

भिंतीला चिकटून लटकल्यास निम्म्या चौकटीत जवळचा कातळच येतो. भिंतीपासून बाहेर येण्याचा सोपा मार्ग म्हणजे पाय भिंतीवर रोवून मागे झुकणे. त्याने मीटरभर अंतर मिळते, पण मांड्या लवकर थकतात. दुसरा मार्ग, पायथ्याच्या साहाय्यकाने छायाचित्रकाराच्या हार्नेसला बांधलेली पातळ दोरी खालून, भिंतीपासून दूर उभे राहून ओढणे. यात अँकरवरचा भार वाढतो आणि दोराची कडेवरील जागा बदलते, म्हणून रिगरला सांगितल्याशिवाय ओढ लावू नये. ओव्हरहँगवर, म्हणजे बाहेर झुकलेल्या भिंतीवर, हा त्रास आपोआप नाहीसा होतो. तेथे मात्र दोराभोवती गरगर फिरणे सुरू होते, आणि त्यावरही हीच ताणदोरी उपयोगी पडते.

कॅमेऱ्याबद्दल थोडक्यात. प्रत्येक वस्तू स्वतंत्रपणे बांधलेली असावी : कॅमेरा, लेन्सचे झाकण, मेमरी कार्डची डबी, चष्मासुद्धा. लटकून लेन्स बदलू नये. १६-३५ किंवा २४-७० यांपैकी एक झूम लावूनच उतरावे. काळ्या बेसॉल्टने भरलेल्या चौकटीत कॅमेऱ्याचे मापन फसते आणि कातळ राखाडी, आरोहकाचा चेहरा पांढराफटक येतो, म्हणून सुमारे एक स्टॉप कमी (म्हणजे प्रकाश निम्मा) ठेवून सुरुवात करावी. आरोहकाला लाल, पिवळा किंवा केशरी सदरा घालायला सांगावे. काळा टी-शर्ट घालून येणारे आरोहक इतके का असतात, हे मला अजून उमगलेले नाही.

दिवा : किती आणि कशासाठी

फ्लॅश घ्यायचा की नाही हे प्रथम पार्श्वभूमी ठरवते. नवख्यांना वाटते की सावलीतील कड्यावर छोटा फ्लॅशही पुरेल. मागे फक्त कातळ असेल तर ते खरे आहे. पण मागे उन्हात उजळलेले कोकण असेल, तर अ‍ॅपर्चर (लेन्सचे प्रकाश आत घेणारे छिद्र) त्या दरीनुसार ठेवावे लागते आणि फ्लॅशला उन्हाशी बरोबरी करावी लागते, मग आरोहक सावलीत असो वा नसो.

आकड्यांत पाहू. भर उन्हातील दृश्यासाठी आयएसओ १०० आणि शटर १/२५० ला सुमारे एफ/११ लागते. बहुतेक कॅमेऱ्यांत फ्लॅशशी जुळणारा सर्वांत जलद शटरवेग १/२०० किंवा १/२५० हाच असतो. एखाद्या मोठ्या हॉटशू (कॅमेऱ्याच्या डोक्यावर बसणाऱ्या) फ्लॅशचा गाइड नंबर, म्हणजे त्याची शक्ती सांगणारा आकडा, डोके पूर्ण झूम केलेले असताना, ६० मीटर धरू. गाइड नंबरला अ‍ॅपर्चरने भागले की पल्ला मिळतो : ६० भागिले ११, म्हणजे साडेपाच मीटर, तेही पूर्ण शक्तीवर आणि पुढे काहीही न लावता. सॉफ्टबॉक्स (प्रकाश मऊ करणारी कापडी पेटी) लावला की एक-दोन स्टॉप प्रकाश त्यातच जातो. उलट, मागे फक्त सावलीतील भिंत असेल आणि एफ/४ पुरत असेल, तर हाच फ्लॅश १५ मीटरपर्यंत पोहोचतो. म्हणून उन्हातील दरीसाठी २०० वॅट-सेकंद किंवा त्याहून मोठा, बॅटरीवर चालणारा फ्लॅश लागतो. सावलीतील किंवा सांजवेळच्या भिंतीसाठी छोटा चालतो. हायस्पीड सिंकने (फ्लॅशला अधिक जलद शटरशी जुळवणाऱ्या सोयीने) शटर १/१००० पर्यंत नेता येते, पण त्यात फ्लॅशची शक्ती इतकी घटते की कड्यावरच्या अंतरांत तो क्वचितच कामाचा ठरतो. पूर्ण शक्तीवर प्रत्येक उजेडानंतर फ्लॅश पुन्हा भरायला वेळ घेतो, आणि आरोहकाची झेप त्याची वाट पाहत नाही. शक्य तेथे निम्म्या किंवा पाव शक्तीवर काम करावे, म्हणजे सलग तीन-चार चित्रे मिळतात.

दिव्याचे अंतर ठरवताना आरोहक हलता असतो हे विसरू नये. दिव्यापासून तो तीन मीटरवरून सहा मीटरवर गेला तर प्रकाश चौथ्या हिश्श्यावर, म्हणजे दोन स्टॉपने, उतरतो. तोच दिवा आठ मीटर दूर असेल आणि आरोहक दहा मीटरवर सरकला तर फरक पाऊण स्टॉपही भरत नाही. दूरचा, शक्तिमान दिवा संपूर्ण चालभर एकसारखा प्रकाश देतो. जवळचा दिवा एकाच होल्डवर बरोबर असतो.

दिवा कोठे टांगावा

दिव्याला स्वतःचा दोर आणि स्वतःचा आधार हवा. छायाचित्रकाराच्या किंवा आरोहकाच्या दोरावर तो कधीही टांगू नये. माथ्यावरून ६ ते ८ मिलिमीटरच्या दोरीने, आरोहकाच्या मार्गाच्या ज्या बाजूला कॅमेरा आहे त्याच्या विरुद्ध बाजूला, चार-पाच मीटर अंतरावर आणि चालीच्या थोडा वर तो सोडावा. अशा जागेवरून प्रकाश कातळावर तिरका पडतो, आरोहकाच्या खांद्यावर आणि दंडावर उजळ कड येते, आणि कॅमेऱ्याकडच्या बाजूला सावली राहून आकार दिसतो. कॅमेऱ्याच्या डोक्यावरच फ्लॅश लावला तर हे सगळे नाहीसे होते.

टांगलेला दिवा वाऱ्याने फिरतो. त्याच्या खालून दुसरी पातळ दोरी पायथ्यापर्यंत न्यावी आणि साहाय्यकाने ती ताणून धरावी. दोन खालच्या दोऱ्या डाव्या-उजव्या ताणल्या तर दिव्याचे तोंड हवे तिकडे वळवता येते. या दोऱ्या आरोहकाच्या पडण्याच्या वाटेत येत नाहीत ना, हे रिगरने वरून आणि बिलेअरने खालून, दोघांनीही पाहावे. छत्री किंवा मोठा सॉफ्टबॉक्स कड्यावर नेऊ नये. दरीतून वर चढणारा दुपारचा वारा त्यात भरतो आणि दिवा भिंतीवर आपटतो. छोटा गोल रिफ्लेक्टर पुरेसा आहे. दिव्याचा स्क्रू फक्त मनाच्या समाधानासाठी असतो, खरा आधार म्हणजे दिव्याच्या मानेभोवती घातलेली आणि स्क्रू कॅराबिनरने (पेचाने बंद होणाऱ्या कडीने) बंद केलेली स्लिंग. बॅटरी वेगळी असेल तर तीही तशीच बांधावी.

कॅमेऱ्यावरून फ्लॅश उडवणाऱ्या रेडिओ ट्रिगरचा पल्ला कागदावर शंभर मीटर असला तरी मध्ये कातळाचा कोपरा आला की तो दगा देतो. म्हणून दिवा आणि कॅमेरा एकमेकांना दिसतील अशी जागा निवडावी, आणि आरोहक चढायला लागण्यापूर्वी खालपासून वरपर्यंत प्रत्येक उंचीवरून एकदा तरी फ्लॅश उडवून पाहावा. सांजवेळी निळ्या आकाशाच्या पार्श्वभूमीवर फ्लॅशवर केशरी जिलेटिनचा पातळ तुकडा लावला तर आरोहकावरचा प्रकाश मावळत्या उन्हाच्या जवळ जातो आणि चित्रातील दोन प्रकाशांचे भांडण मिटते.

अंधारातील काम

अंधार पडू लागल्यावर नियम बदलतात. अंधाराला सरावलेल्या डोळ्यांवर फ्लॅश पडला की काही क्षण काहीच दिसत नाही. आरोहक दोर क्लिप करत असताना, किंवा बिलेअरच्या डोळ्यांच्या रेषेत, फ्लॅश उडवू नये. ‘क्लिप झाले’ ही हाक ऐकल्याशिवाय बटण दाबायचे नाही, असा करार आधी करावा. चलचित्रणासाठी लागणारे सतत पेटते एलईडी पॅनेल या दृष्टीने अधिक सुसह्य असते, कारण डोळे त्याला सरावतात. ते आरोहकाच्या बाजूने आणि वरून असावे, खालून नसावे, नाहीतर त्याच्या स्वतःच्याच सावलीत त्याचे पुढचे होल्ड बुडतात.

सर्वांत मोठा धोका मात्र आग्या मोहोळाचा आहे. पावसाळा संपल्यावर या मधमाश्या कड्यांच्या पुढे आलेल्या छज्जांखाली येऊन वसतात, आणि रात्री त्या तीव्र दिव्याकडे झेपावतात. दिवसा शंभर फुटांवर शांत असलेले मोहोळ रात्री दिव्यावर उठले, तर दोरावर लटकलेल्या माणसाला पळायला जागा नसते. कड्यावर कोठेही मोहोळ दिसले असेल तर त्या कड्यावर रात्री दिवा लावू नये, आणि दिवसाही अत्तर, धूर आणि आरडाओरडा टाळावा. मोहोळ रिकामे आहे असे गावकऱ्यांनी सांगितले तरी स्वतः दुर्बिणीने पाहावे. पोळ्याचा काळसर पडदा लाटेसारखा हलत असेल तर ते रिकामे नाही.

कामाचा क्रम आणि आवराआवर

प्रत्यक्ष दिवशी क्रम असा ठेवावा. प्रथम रिगर अँकर बांधतो आणि दुसरा जाणकार ते तपासतो. ज्याने बांधले त्यानेच तपासणे ही तपासणी नव्हे. त्यानंतर सुटे दगड असलेली कड हाताने साफ करावी, पण खाली कोणी नसतानाच, आणि ‘दगड’ अशी हाक देऊन. मग दिवा सोडावा, त्याची चाचणी घ्यावी, त्यानंतर छायाचित्रकार उतरून आपल्या जागी स्थिर व्हावा, आणि शेवटी आरोहकाने चढाई सुरू करावी. आरोहक चालीवर असताना छायाचित्रकाराने वर-खाली सरकू नये आणि सूचना देऊ नयेत. ‘जरा पुन्हा कर’ ही मागणी तो पुढच्या बोल्टला लटकून विश्रांती घेत असतानाच करावी, आणि तिसऱ्यांदा तर करूच नये, कारण थकलेले हात चित्रासाठी घट्ट राहत नाहीत.

आवरताना उलट क्रम : आरोहक खाली, मग दिवा माथ्यावर ओढून घ्यावा, नंतर छायाचित्रकाराने जुमार करून वर यावे किंवा पायथ्याला उतरावे, आणि तो दोरावरून सुटल्याची हाक दिल्यानंतरच रिगरने अँकरला हात लावावा. संध्याकाळी दोर गुंडाळताना तो पूर्ण लांबीभर बोटांच्या चिमटीतून ओढावा. एखाद्या जागी तो मऊ लागला, चपटा झालेला आढळला किंवा आवरणातून आतले पांढरे धागे दिसले, तर त्या जागी लगेच चिकटपट्टी गुंडाळावी आणि घरी पोहोचल्यावर दोर तेथेच कापून दोन तुकडे करावेत. असे आखूड तुकडे पुढच्या वेळी दिव्यासाठी आणि कडेवरची आवरणे बांधण्यासाठी वापरता येतात, माणसासाठी नाही.